एका ‘टार्टर’खाली किती वस्तू? कोशकार, अनुवादक आणि पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी कोशांचे संपादक, वृत्तपत्रांच्या आरोग्य आणि पाककृती पुरवण्या सांभाळणारे सहकारी, आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे सर्व जण

विषय: ‘टार्टर’ या एकाच रूपात कोंबलेले अर्थ वेगळे छापण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

दातांवर जमणारा टार्टर, केकच्या कृतीतला टार्टर, वाइनच्या बाटलीच्या तळाशी बसलेला टार्टर, माशाबरोबर येणारा टार्टर सॉस आणि चंगेजखानाच्या फौजेतले टार्टर. मराठीत हे सगळे आज एकाच रूपात छापले जातात. इंग्रजीतही लेखन एकच आहे, मग आपणच का कुरकुरावे, असे कोणी म्हणेल. पण इंग्रजी वाचकाला शेजारचे शब्द सांभाळून घेतात आणि त्याच्या हाताशी शतकभर सुधारत आलेले कोशही असतात. मराठी वाचकाच्या हाती बहुतेकदा यंत्राने केलेले आणि घाईत तपासलेले भाषांतर येते. त्यात ‘टार्टरची मलई’ दातांना लावायला सांगितलेली असली, तरी तपासणाऱ्याला ते खटकत नाही.

या एका रूपामागे मुळे तीन आहेत. पहिले मूळ मध्य आशियातल्या एका लोकसमूहाचे नाव, ‘तातार’. दुसरे ग्रीक पुराणातले पाताळ, ‘तार्तारस’. तिसरे मध्ययुगीन लॅटिनमधले ‘टार्टारम’, म्हणजे द्राक्षमद्याच्या पिंपात आतून बसणारा कठीण थर. दातांचा टार्टर, क्रीम ऑफ टार्टर (केकमध्ये घालायची आंबट पूड) आणि टार्टारिक आम्ल ही तिसऱ्या मुळाची संतती. सॉस पहिल्याची. दुसरे मूळ पहिल्यात घुसले आणि त्याने एका ‘र’चा घोटाळा करून ठेवला, तो पुढे येईलच.

आधी दात, कारण घोळाची किंमत तिथे वाचकाला स्वतःच्या तोंडाने चुकवावी लागते.

दातांवर प्रथम जीवाणूंचा मऊ, चिकट थर बसतो. त्याला प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघतो. राहिला, तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरू लागतात. एक-दोन दिवसांत कडक होण्याची सुरुवात होते आणि बारा दिवसांच्या आसपास थराचा ६० ते ९० टक्के भाग खनिज झालेला असतो. मग ब्रशचा उपयोग संपतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागी तो सर्वांत जास्त जमतो, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. याला मराठीत ‘कीटण’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे. आरोग्य पुरवणीत तोच वापरावा आणि पहिल्या उल्लेखात कंसात टार्टर लिहावे, म्हणजे टूथपेस्टच्या खोक्यावरचा शब्द वाचकाला ओळखता येईल.

आता घरगुती उपायांच्या याद्या पाहा. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा आणि अधूनमधून क्रीम ऑफ टार्टर. क्रीम ऑफ टार्टरचे पाण्यातले संपृक्त द्रावण २५ अंश सेल्सियसला ३.५६ पीएच (सामू; जितका कमी, तितके द्रावण आम्लधर्मी) दाखवते. हा आकडा इतका स्थिर असतो की प्रयोगशाळेत पीएच मीटर जुळवून घेण्यासाठी ते प्रमाण द्रावण म्हणून वापरतात. दाताचे इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. कीटण आणि इनॅमल या दोन्हींत मुख्य खनिज कॅल्शियम फॉस्फेटच आहे, त्यामुळे कीटण खाईल आणि दात सोडील असे आम्ल स्वयंपाकघरात मिळत नाही. मिलिमीटरभर जाडीचे कीटण पाच मिनिटांच्या घासण्याने जात नाही. इनॅमलचा पृष्ठभाग मात्र मऊ पडतो, त्यावर लगेच ब्रश फिरवला की तो झिजतो आणि दात आंबायला लागतात. सोड्यात लिंबू पिळून होणारा फेस हा नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. फेस बसल्यावर उरते ते सायट्रेटचे खारट पाणी. नुसता सोडा मऊ थर काढायला मदत करतो, त्यापलीकडे काही नाही.

‘टार्टर कंट्रोल’ पेस्टचेही नीट सांगायला हवे. त्यांत पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असते आणि ते नवे स्फटिक वाढण्याचा वेग कमी करते. बसलेले कीटण त्याने निघत नाही आणि हिरडीच्या खालच्या कीटणापर्यंत ते पोचतही नाही. ते काढायला दंतवैद्याकडचे कंप पावणारे, पाण्याचा फवारा सोडणारे यंत्र किंवा हाताची अवजारेच लागतात. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, तिचे कारणही लेखात द्यावे. हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेले असते. कीटण दोन दातांमधली फट भरून त्यांना आधार देत असते. ते निघाले की आधीपासूनची फट आणि आधीपासूनची हालचाल जाणवते.

दातांवरच्या फॉस्फेटला द्राक्षमद्यातल्या क्षाराचे नाव मिळाले ते वैद्यकातल्या एका जुन्या कल्पनेमुळे. सोळाव्या शतकातला स्विस वैद्य पॅरासेल्सस याचे म्हणणे असे की पिंपात मद्यापासून जसा खडा बसतो, तसाच शरीरात अन्नाचा न पचलेला भाग साखळतो आणि त्यातून मुतखडा, संधिवात असे विकार होतात. या सगळ्याला तो टार्टर म्हणे आणि दातांवरचा थर त्याला डोळ्यांसमोरचा पुरावा वाटे. कल्पना गेली, नाव राहिले. मूळ ‘टार्टारम’ मध्ययुगीन ग्रीक ‘तार्तारोन’वरून आला. त्याच्याही मागे गाळ या अर्थाचा अरबी-फारसी ‘दुर्द’ असावा असे काही कोश सुचवतात, पण त्यावर एकमत नाही. नरकाच्या ‘तार्तारस’शी त्याचे नाते जोडणाऱ्या गोष्टी मात्र नंतरच्या आहेत. कोशात त्या व्युत्पत्ती म्हणून देऊ नयेत.

पिंपातल्या या खड्याशी महाराष्ट्राचा संबंध थेट आहे. द्राक्षात टार्टारिक आम्ल भरपूर असते आणि पोटॅशियमही. दोन्ही मिळून पोटॅशियम बायटार्ट्रेट तयार होते. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात सहा ग्रॅम. अल्कोहोल वाढले की विद्राव्यता आणखी घटते. म्हणून रस आंबताना आणि नंतर थंड होताना तो क्षार बाहेर पडतो. जर्मन भाषेत त्याला सरळ ‘मद्याचा दगड’ म्हणतात. नाशिकच्या वाइनची बाटली फ्रिजमध्ये काही दिवस राहिली की बुचाला किंवा तळाला चमकणारे कण दिसतात ते हेच. पांढऱ्या वाइनमध्ये ते काचेच्या चुऱ्यासारखे दिसतात, लाल वाइनमध्ये रंग शोषून जांभळट होतात.

हे कण बाटलीत दिसू नयेत म्हणून बाटलीबंद करण्याआधी वाइन उणे ४ अंशांच्या आसपास काही दिवस ते दोन आठवडे ठेवतात आणि थंड असतानाच गाळतात. गाळण्याआधी ती गरम झाली तर बाहेर पडलेला क्षार पुन्हा विरघळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. वेळ वाचवायचा असेल तर शून्य अंशांच्या आसपास लिटरला ४ ग्रॅम बारीक वाटलेले बायटार्ट्रेट घालून काही तास ढवळत राहतात. त्या कणांवर नवे स्फटिक झपाट्याने धरतात. तिसरा मार्ग स्फटिक होऊच न देण्याचा. मेटाटार्टारिक आम्ल हे काम करते, पण उष्णतेत त्याचे विघटन होते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात न थंडावलेल्या गोदामात त्याचा भरवसा नाही. सेल्युलोज गम जास्त टिकतो, मात्र लाल वाइनच्या रंगद्रव्यांशी त्याचे जमत नाही.

‘वाइनमध्ये काच सापडली’ अशी बातमी छापण्याआधी एक साधी चाचणी करता येईल. कण चावून पाहू नये. कपभर उकळत्या पाण्यात चिमूटभर कण टाकून ढवळावे. बायटार्ट्रेट विरघळते, काच विरघळत नाही. यात एक अडचण आहे: कधीकधी खडा कॅल्शियम टार्ट्रेटचा असतो आणि तो गरम पाण्यातही फारसा विरघळत नाही. म्हणून कण विरघळले तर निश्चिंत व्हावे. न विरघळल्यास ‘काच आहे’ असे लिहू नये आणि ती वाइन पिऊही नये, प्रयोगशाळेकडे द्यावी.

हाच क्षार घरच्या द्राक्षजेलीत करकर आणतो. पुरवणीतल्या कृतीत बहुधा एक पायरी गाळलेली असते: रस काढल्यावर तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी तळ न हलवता वरचा रस ओतून घ्यायचा, दुहेरी फडक्यातून गाळायचा आणि मगच साखर घालून शिजवायचा.

पिंपातला खडा गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा थंड केला की पांढरे शुद्ध बायटार्ट्रेट मिळते. शुद्ध करताना द्रावणावर जी साय धरे तिच्यावरून इंग्रजीत त्याला ‘क्रीम’ म्हटले गेले. दुधाचा यात थेंबही नाही. ‘मलई’ वाचून दूध वर्ज्य असलेले आणि दुधाची ॲलर्जी असणारे उगाच घाबरतात. त्याचे भाषांतर करू नका. ‘क्रीम ऑफ टार्टर’ असेच लिहा आणि पहिल्यांदा ‘पांढरी, आंबट पूड, आयएनएस ३३६’ असे जोडा. खाद्यपदार्थांत घालायच्या द्रव्यांचा हा आंतरराष्ट्रीय क्रमांक पाकिटावर असतो. शेजारचा ३३४ म्हणजे टार्टारिक आम्ल. या दोघांची सरमिसळ हा पाककृतींतला सर्वांत महाग घोळ आहे.

हिशेब असा. ८४ ग्रॅम खायचा सोडा पुरता संपवायला क्रीम ऑफ टार्टर १८८ ग्रॅम लागते, टार्टारिक आम्ल ७५ ग्रॅम आणि लिंबूसत्व म्हणजे निर्जल सायट्रिक आम्ल ६४ ग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम टार्टारिक आम्ल अडीच ग्रॅम क्रीम ऑफ टार्टरचे काम करते. कृतीत ‘टार्टर १ चमचा’ इतकेच छापले आणि वाचकाने दुकानातून टार्टारिक आम्ल आणले, तर केक जीभ भाजेल इतका आंबट होतो आणि आम्ल उरल्यामुळे नीट तपकिरीही होत नाही. बेकिंग पावडर संपली असेल तर एक चमच्याऐवजी पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर हे चांगले प्रमाण आहे. मात्र हे मिश्रण ओले होताच, ओव्हनची उष्णता लागण्याआधीच, वायू सोडू लागते. पीठ भिजवून ‘दहा मिनिटे मुरू द्या’ ही सूचना इथे चालत नाही. बाजारातल्या दुहेरी क्रियेच्या बेकिंग पावडरीत दुसरे आम्ल उष्णता लागल्यावर जागे होते, म्हणून तिथे चालते.

अंड्याचा पांढरा बलक फेटताना एका अंड्याला चमच्याचा आठवा भाग पुरतो. आम्लामुळे प्रथिनांचे धागे एकमेकांना इतके घट्ट चिकटत नाहीत की फेस फाटून पाणी सुटावे. तांब्याच्या भांड्यात फेटत असाल तर घालू नका, कारण तांबे तेच काम वेगळ्या मार्गाने करते आणि आम्ल घातले तर तांबे अन्नात उतरते. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर त्याच्या दुप्पट लिंबाचा रस चालतो. साखरेच्या पाकात ते चिमूटभर घालतात, कारण आम्लाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि त्यांच्या अडथळ्यामुळे पाक साखरत नाही. आपल्याकडे गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी. दोन्हीकडे जास्त झाले की साखर प्रमाणाबाहेर फुटते, मग वडी धरत नाही आणि चिकट राहते.

कुत्रे पाळणाऱ्यांसाठी एक ओळ प्रत्येक कृतीखाली हवी. द्राक्षे आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात हे जुने निरीक्षण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी त्यामागे टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम बायटार्ट्रेट असावे असे मांडले. क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेला मुलांच्या खेळण्याचा मऊ गोळा कुत्र्याने खाल्ल्याच्या प्रसंगावरून त्यांचे लक्ष तिकडे गेले. त्याच यादीत चिंचही येते.

मराठी वाचकाला टार्टारिक आम्ल समजवायचे तर चिंचेसारखे दुसरे साधन नाही. चिंचेच्या गरात वजनाच्या ८ ते १८ टक्के टार्टारिक आम्ल असते, त्यातले काही बायटार्ट्रेटच्याच रूपात. लिंबात मुख्यतः सायट्रिक आणि आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, म्हणून ‘सगळी आंबट आम्ले सारखीच’ असे लिहून मोकळे होऊ नये. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात कारण आम्ल वरचा ऑक्साइड विरघळवते आणि टार्ट्रेट सुटलेल्या तांब्याला धरून ठेवते, ते पुन्हा भांड्यावर बसू देत नाही. शाळा-कॉलेजात साखर ओळखायला वापरतात त्या फेलिंगच्या द्रावणात सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट असते ते याच कामासाठी. आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात चिंचेची आमटी कळकते तीही याच गुणामुळे. पाठ्यपुस्तकात टार्टारिक आम्लापुढे कंसात ‘चिंचेतले आम्ल’ एवढे लिहिले, तर पुढची अर्धी गोष्ट मुलांना घरचीच वाटेल.

या आम्लाने रसायनशास्त्राला काय दिले ते सांगायला वेगळे पत्र लागेल. १७६९ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीलेने ते वेगळे काढले. १८४८ मध्ये लुई पाश्चरने सोडियम अमोनियम टार्ट्रेटचे उजवे आणि डावे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले आणि रेणूंनाही डावा-उजवा हात असतो हे दाखवले. हा प्रयोग सुमारे २७ अंशांच्या खालीच जमतो, त्याच्या वर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात येतात. तो मे महिन्यात मुंबईत करायला घेणाऱ्या शिक्षकांसाठी पुस्तकात ही टीप असलीच पाहिजे.

जुने वैद्यकीय ग्रंथ भाषांतरित करणाऱ्यांनी ‘टार्टर एमेटिक’ कधीही ‘टार्टर’ असा आखडू नये. ते अँटिमनी पोटॅशियम टार्ट्रेट आहे, ओकारी आणणारे विष. भारतात काळा आजारावर ते टोचत असत, पण हृदयावर त्याचा घातक परिणाम होई. १९२० च्या दशकात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांच्या युरिया स्टिबामाइनने त्याची जागा घेतली. मिठाईतला पिवळा रंग टार्ट्राझिन, आयएनएस १०२, हाही वेगळाच. त्याचे नाव टार्टारिक आम्लाच्या एका पिल्लावरून पडले, बाकी दोघांच्या गुणांत काही साम्य नाही.

आता माणसे.

तातार हे नाव मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यातल्या तुर्की शिलालेखांत येते. इ.स. ७३२ च्या कुल तेगिनच्या लेखात ‘ओतुझ तातार’, म्हणजे तीस तातार, आणि ७३५ च्या बिल्गे खगानच्या लेखात ‘तोकुझ तातार’, म्हणजे नऊ तातार, असे उल्लेख आहेत. बाराव्या शतकात हे तातार मंगोलांचे शेजारी आणि वैरी होते. मंगोलांच्या स्वतःच्या इतिहासग्रंथानुसार चंगेजखानाच्या बापाला त्यांनीच विष घातले आणि १२०२ मध्ये चंगेजने त्यांना मोडून काढले. तरीही चिनी, अरबी, फारसी आणि रशियन लिहिणाऱ्यांनी मंगोल फौजांना तातारच म्हटले. हरलेल्यांचे नाव जिंकलेल्यांना चिकटले. १२५३ ते १२५५ च्या प्रवासात रुब्रुकचा विल्यम या फ्लेमिश भिक्षूने नोंदले आहे की मंगोलांना तातार म्हणवून घेणे आवडत नसे.

युरोपात १२४१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या लेग्नित्सा आणि हंगेरीतल्या मोही इथे दोन दिवसांच्या अंतराने मंगोलांकडून दोन फौजा कापल्या गेल्या. त्या काळच्या लॅटिन लेखनात ‘तातार’चे ‘तार्तार’ झालेले दिसते आणि हे लोक तार्तारसातून, पाताळातून आलेले आहेत ही कोटी फ्रान्सच्या नवव्या लुईच्या तोंडी मॅथ्यू पॅरिस या इंग्रज मठवाशाच्या बखरीत आहे. मधला ‘र’ या नरकाच्या नावाच्या ओढीने आला, असे बहुतेक कोशकार मानतात. म्हणजे तो ‘र’ ही एक शिवी आहे, घाबरलेल्यांनी दिलेली.

आपल्याला ती शिवी उसनी घ्यायची गरजच नव्हती. मराठीकडे हे नाव फारसीच्या वाटेने, ‘र’शिवाय, कितीतरी आधी आलेले आहे. गुजरातच्या सल्तनतीचा पाया घालणाऱ्या जफरखानाच्या मुलाचे नाव तातारखान. फारसी आणि उर्दू कवितेतली कस्तुरी तातारची. तरी आपल्या छापील मजकुरात तार्तर, तार्तार, टार्टर अशी सगळी रूपे सापडतात, कारण ती इंग्रजी पुस्तकांतून आली. आजच्या लोकांसाठी ‘तातार’ हेच रूप ठेवावे. रशियाच्या २०१० च्या जनगणनेत ५३ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद तातार अशी केली. रशियनांनंतर हा तिथला सर्वांत मोठा समाज. काझान ही तातारस्तानची राजधानी, जी १५५२ मध्ये चौथ्या इव्हानने जिंकली. त्यांची भाषा तुर्की कुळातली आहे, मंगोल कुळातली नाही. क्रिमियातले तातार हा वेगळा समाज. १७८३ मध्ये रशियाने त्यांचे राज्य खालसा केले आणि १८ मे १९४४ पासून स्टालिनच्या हुकमाने सबंध समाजाला रेल्वेच्या मालडब्यांत घालून मुख्यतः उझबेकिस्तानात पाठवले. क्रिमियाच्या बातम्यांत यांना ‘टार्टर’ लिहिणे म्हणजे नरकाची कोटी चालू ठेवणे.

जुन्या मजकुराचे भाषांतर करताना मात्र डोळे झाकून ‘तातार’ लिहूनही चालणार नाही. आधी विचारायचे: हा लेखक कोणाला टार्टर म्हणतो आहे? मार्को पोलोचे टार्टर म्हणजे मंगोल. सतराव्या शतकातल्या जेझुइट धर्मप्रसारकांचे टार्टर म्हणजे मांचू, चीनच्या ईशान्येकडचे लोक. १६५४ मध्ये निघालेला मार्तिनो मार्तिनीचा ‘टार्टर युद्धा’वरचा ग्रंथ मांचूंनी चीन जिंकल्याबद्दल आहे. अफूच्या युद्धांच्या इंग्रजी वर्णनांतले ‘टार्टर सैनिक’ हे मांचू पलटणींचे आणि बीजिंगमधले ‘टार्टर शहर’ म्हणजे मांचूंची वस्ती असलेले आतले नगर. आणि एकोणिसाव्या शतकात सतलजच्या वरच्या खोऱ्यात गेलेले इंग्रज अधिकारी जेव्हा किन्नौर, स्पिती, लडाखकडच्या लोकांना टार्टर म्हणतात, तेव्हा त्यांच्यासमोर भोटी, तिबेटी बोलणारी माणसे असतात. तिथे तातार छापले तर हिमालयात नसलेला समाज उभा राहतो. अशा ठिकाणी खरे नाव मजकुरात द्यावे आणि लेखकाचा शब्द तळटीपेत.

नकाशांवरच्या ‘तार्तरी’चेही तसेच. फ्लेमिश नकाशाकार ऑर्टेलियसच्या १५७० च्या नकाशासंग्रहात ती आहे. युरोपीयांना नीट माहीत नसलेल्या उत्तर आणि मध्य आशियाला दिलेले ते ढोबळ नाव होते, एका राज्याचे नव्हे. साखालिन आणि मुख्य भूमीमधल्या सामुद्रधुनीला १७८७ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझने तार्तरीचे नाव दिले. तिच्या काठी तातार राहत नव्हते. गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर ‘टार्टेरिया’ नावाचे एक जगव्यापी साम्राज्य चिखलाच्या पुरात गाडले गेले आणि इतिहासकारांनी ते लपवले, अशा चित्रफिती फिरतात. पुरावा म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाचे भव्य वाडे दाखवतात: ‘इतके वाडे दोन वर्षांत कोणी बांधले आणि लगेच का पाडले?’ ते प्लॅस्टर आणि तागाच्या लगद्याचे, सांगाड्यावर थापलेले, तात्पुरतेच बांधलेले होते. असा मजकूर मराठीत आणणाऱ्या पानांनी निदान एवढे वाक्य तरी जोडावे.

इंग्रजी वाक्प्रचारांतल्या ‘टार्टर’ला मराठीत जागाच नको. खडूस माणसाला ‘टार्टर’ म्हटले असेल तर खाष्ट, कजाग, जहांबाज हे शब्द आहेत. ‘टार्टर पकडणे’, म्हणजे आवरता येणार नाही अशाला धरून बसणे, याला ‘धरले तर चावते, सोडले तर पळते’ ही म्हण तंतोतंत नाही, पण जवळची आहे. ‘त्याने एक टार्टर पकडला’ असे छापण्यापेक्षा कितीतरी बरी.

सॉसबद्दल थोडक्यात. फ्रेंचांनी ‘तातार पद्धतीचे’ म्हणून दिलेले हे नाव, तातारांच्या स्वयंपाकात असे काही नाही. मेयोनेज, बारीक चिरलेली खारवलेली काकडी, केपर (खारवलेल्या कळ्या), कांदा, लिंबू. क्रीम ऑफ टार्टर यात पडत नाही, हे कृतीत स्पष्ट लिहा. कपभर मेयोनेजला तीन मोठे चमचे काकडी पुरते, पण चिरल्यावर ती मुठीत दाबून पाणी काढायला सांगा, नाहीतर तासाभरात सॉस पातळ होतो. ‘स्टेक तार्तार’ वेगळे: ते कच्चे गोमांस. पूर्वी त्याला अमेरिकन पद्धतीचे म्हणत. फ्रेंच बल्लवाचार्य एस्कोफिएच्या पाकशास्त्राच्या १९२१ च्या आवृत्तीत टार्टर सॉसबरोबर वाढायच्या प्रकाराला तार्तार हे नाव आहे, म्हणजे इथे मांसाने नाव सॉसकडून घेतले. घोडेस्वार खोगिराखाली मांस ठेवून मऊ करत या कथेसारखीच गोष्ट तातारांच्या किती तरी आधी, चौथ्या शतकात, आमियानुस मार्सेलिनुस या रोमन इतिहासकाराने हूणांबद्दल लिहिली आहे. मुंबई-पुण्याच्या मेन्यूंवर हल्ली ‘टूना टार्टार’ दिसते. हॉटेलांची परीक्षणे लिहिणाऱ्यांनी तो कच्चा मासा आहे हे पहिल्याच ओळीत सांगावे, कारण टार्टर सॉस घातलेला तळलेला मासा समजून मागवणारे गर्भवती आणि वृद्ध वाचकही असतात.

ग्रीक तार्तारसचे काम सर्वांत सोपे. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडच्या म्हणण्याप्रमाणे स्वर्गातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस-रात्री पडत राहून दहाव्या दिवशी पृथ्वीला टेकते आणि पृथ्वीवरून आणखी तितकीच पडून तार्तारसात पोचते. टायटन, म्हणजे झ्यूसच्या आधीच्या पिढीचे देव, तिथे कोंडलेले आहेत. हे विशेषनाम आहे, ‘तार्तारस’ असेच लिहावे. ‘नरक’ केले तर पापपुण्याचा असा हिशेब मागे लागतो जो हेसिओडच्या मनात नव्हता.

कोशकारांकडे मागणी एवढीच की ‘टार्टर’ या नोंदीत १, २, ३ असे अर्थ न देता स्वतंत्र नोंदी कराव्यात: कीटण, क्रीम ऑफ टार्टर, टार्टारिक आम्ल, टार्टर सॉस, तातार, तार्तरी, तार्तारस. ‘टार्टर’खाली फक्त ‘पाहा’ ठेवावे. संपादकांनी यंत्राकडून आलेल्या मजकुरात ‘टार्टर’ आणि ‘तार्तार’ ही अक्षरे शोधून प्रत्येक ठिकाणी वस्तू कोणती, हे मूळ इंग्रजीशी ताडून पाहावे. दात आणि पूड एकाच परिच्छेदात असतील तर तो दंतवैद्याला दाखवल्याशिवाय छापू नये. पाककृतीत चमच्याबरोबर ग्रॅम द्यावेत आणि आयएनएस क्रमांकही.

कळावे,

आपले,
मराठीतून विज्ञान आणि इतिहास लिहिणारे काही जण